चौथा रकाना

बंगळूरच्या इंदिरानगरात राहणाऱ्या मराठी घरांना पाडव्याची एक गंमत ठाऊक असते. एखाद्या वर्षी आपले पंचांग आणि शेजाऱ्यांचे पंचांग एका दिवसाने पुढेमागे होते. २०१७ साली तसेच झाले. मराठी दिनदर्शिकेत गुढीपाडवा २८ मार्चला होता, तर कर्नाटकात युगादीची सुट्टी २९ तारखेला. त्यामुळे त्या मंगळवारी एका घराच्या गच्चीवर तेवढी गुढी उभी होती आणि बाकीची गल्ली नेहमीसारखी कामावर निघाली होती. शेजारच्या बाईंनी फाटकातूनच विचारले, "आजच का हो?" सूनबाई हसून म्हणाल्या, "आमचं एक दिवस आधी. उद्या तुमच्याकडचं ओबट्टू खायला येतोच."

शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या बाजूचे हे घर सत्तरच्या दशकातले. पुढे लहानसे अंगण, कडेला लिंबाचे झाड. आजूबाजूचे बंगले पाडून तिथे हॉटेले, कपड्यांची दुकाने आणि कॉफीची ठिकाणे आली, पण हे घर तसेच राहिले होते. कारण घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला हलायचे नव्हते. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. दहा वर्षांच्या नातवाचे ते आजोबा. वय त्र्याऐंशी. मूळचे रत्नागिरीचे. १९५५ साली बंगळूरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागले. तेव्हा त्याचे नाव हिंदुस्थान एअरक्राफ्ट होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने १९४० साली तो काढला, हे अप्पा नव्या माणसाला आवर्जून सांगत. जणू त्यामुळे तो कारखाना थोडासा आपलाच होता.

पाडव्याला अप्पा कडुलिंबाची पाने सगळ्यांच्या आधी तोंडात टाकत. पण श्रीखंडाची वाटी पुढे केली की हात आडवा करत. "मला नको." त्यांना मधुमेह नव्हता. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस ते गोड खात. लग्न होऊन आल्यावर सूनबाईंनी एकदोनदा आग्रह केला, मग सोडून दिला. जुन्या माणसांचे काहीतरी असते, असे म्हणून पुढे जायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते.

आजोबा आणि नातू यांची गट्टी फुटबॉलवर जमली होती. नातू पाच वर्षांचा असल्यापासून अप्पा त्याला हलसूर तलावाकडे फिरायला नेत आणि परतताना गौतमपुरा दाखवत. या वस्तीत डॉ. आंबेडकर, बुद्ध आणि मदर तेरेसा यांच्या सोबतीला पेलेचाही पुतळा आहे. नोकरीच्या सुरुवातीला अप्पा हलसूरलाच भाड्याच्या खोलीत राहत. संध्याकाळी मैदानावर अनवाणी खेळणारी पोरे बघायला उभे राहत. बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा पहिला ऑलिंपिक गोल केला, ही गोष्ट नातवाला परवच्यासारखी पाठ होती.

त्याहून आवडती गोष्ट १९६२च्या जकार्ताची. आशियाई स्पर्धेत इस्रायल आणि तैवानला बोलावले नाही, म्हणून भारताच्या गुरुदत्त सोंधींनी आक्षेप घेतला आणि इंडोनेशियातले प्रेक्षक भारतावर चिडले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ अशी हार. मग थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपान्त्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवून संघ अंतिम सामन्यात पोचला. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला प्रशिक्षक रहीम यांनी बचावातून काढून पुढच्या फळीत धाडले. ४ सप्टेंबरला भरलेले स्टेडियम विरोधात ओरडत असताना पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी गोल केले आणि भारताने कोरियाला २-१ हरवून सुवर्णपदक घेतले. त्या संघात गोव्याचा फॉर्चुनाटो फ्रँको होता, हे सांगताना अप्पांचा आवाज जरा चढे. "म्हणजे आपल्या कोकणाच्या शेजारचाच की रे!"

२०१६च्या १९ ऑक्टोबरला तर आजोबा नातवाला घेऊन मेट्रोने थेट कंठीरवा स्टेडियमवर गेले होते. एएफसी चषकाचा उपान्त्य सामना होता, बंगळूर एफसी विरुद्ध मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम. जोहोर आदल्या वर्षीचा विजेता. पाहुण्यांनी आधी गोल केला आणि स्टेडियम गप्प झाले. मग सुनील छेत्रीने एक, पुन्हा एक, आणि ह्वानानने डोक्याने तिसरा. ३-१. भारतातला एखादा क्लब या स्पर्धेच्या अंतिम फेरीत जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढे दोहाला बंगळूर इराकच्या हवाई दलाच्या संघाकडून ०-१ हरले, ते वेगळे. पण त्या रात्री ब्याऐंशी वर्षांचे आजोबा निळा गळपट्टा हवेत फिरवत होते. नातवाने ते डोळ्यांनी पाहिले होते.

म्हणूनच २०१७च्या पाडव्याला जे झाले, ते त्याला समजले नाही.

त्या संध्याकाळी यांगूनमध्ये भारत विरुद्ध म्यानमार असा आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा सामना होता. नातू शाळेतून आला तो दप्तर टाकून टीव्हीसमोर बसला. आजोबा आपल्या वेताच्या खुर्चीत होते, पण आज बोलत नव्हते. म्यानमारचे खेळाडू चेंडू घेऊन पुढे आले की खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे घट्ट होत. नव्वद मिनिटे संपत आली, ०-०. आणि अगदी शेवटी उदांता सिंग उजवीकडून सुसाट निघाला, त्याने चेंडू आत दिला आणि छेत्रीने गोल केला. दोघेही बंगळूर एफसीचेच. यांगूनमध्ये भारत १९५३ नंतर प्रथमच जिंकत होता.

नातवाने उडी मारली. "गोऽऽल!"

आणि त्याच वेळी आजोबांच्या तोंडून निघाले, "अरेरे! शेवटच्या मिनिटाला!"

पोराने वळून पाहिले. "आजोबा, तुम्ही त्यांच्या बाजूने होतात?"

अप्पा काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यानेच घात केला. त्या दिवसांत एक शब्द टीव्हीवर दर संध्याकाळी ऐकू येत असे. दहा वर्षांच्या मुलाला त्याचे वजन कुठून कळणार? तो पटकन बोलून गेला, "मग तुम्ही देशद्रोही आहात का?"

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "बाळा! आजोबांना असं बोलतात? आधी माफी माग."

नातू रडत आत गेला. तेवढ्याने निभावले असते. पण नुकताच कामावरून आलेला मुलगा बूट काढता काढता म्हणाला, "अप्पा, ही तुमची जुनी खोड. मी लहान असताना कॉलनीतले लोक मला चिडवायचे. निदान मुलासमोर तरी..." वाक्य त्याने पुरे केले नाही. अप्पा उठले, टेकत टेकत आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले.

त्या खोलीत कपाटाच्या खालच्या खणात जुनी, कापडी बांधणीची हिशेबाची वही होती. अप्पा अधूनमधून तीत काहीतरी लिहितात, एवढे सूनबाईंना माहीत होते. पेन्शनचा हिशेब असेल, असे त्यांनी धरून ठेवले होते.

त्यानंतर घरात भांडण असे काही झाले नाही. नातवाने माफी मागितली, आजोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण एकत्र सामना बघणे थांबले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला कंठीरवावर भारताने मकावला ४-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. वडिलांनी नातवाला नेले, आजोबा "गुडघा दुखतोय" म्हणून घरी राहिले. नोव्हेंबरात म्यानमारचा संघ गोव्यात फातोर्ड्याला आला आणि सामना २-२ असा सुटला. त्या संध्याकाळी अप्पांनी टीव्हीच लावू दिला नाही. एका घरात राहणारी माणसे एकमेकांची नजर किती सहज चुकवू शकतात, हे सूनबाई रोज पाहत होत्या. मुलगा मोठा होत होता, अप्पा थकत होते आणि मधली चार वर्षे अशीच गेली.

२०२१च्या मे महिन्यात बंगळूरला पुन्हा टाळेबंदी होती. रुग्णवाहिकांचा आवाज सोडला तर सीएमएच रस्ता निपचित. अप्पांचा हात आता कापत असे, मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नसे. महिना संपता संपता एके सकाळी त्यांनी नातवाला हाक मारली. तो आता चौदा वर्षांचा होता.

"बाळा, एक काम करशील? मला काल रात्रीचा निकाल बघून दे. जपान आणि म्यानमार. विश्वचषकाची पात्रता."

नातवाने फोनवर पाहिले. "दहा-शून्य. जपान जिंकलं."

अप्पांनी डोळे मिटले. मग खालच्या खणातली वही काढायला सांगितली. "लिही. माझ्याच्याने आता होत नाही."

नातवाने वही उघडली. पानापानावर निळ्या शाईतले बारीक अक्षर, उभ्या रेघा मारून केलेले चार रकाने. पहिल्यात साल आणि गाव, दुसऱ्यात प्रतिस्पर्धी, तिसऱ्यात निकाल. चौथ्यात नुसता एक आकडा. त्याने लिहिले: २०२१, चिबा, जपान, ०-१०.

"आता चौथ्या रकान्यात चौऱ्याण्णव."

"चौऱ्याण्णव काय, आजोबा?"

अप्पा थांबले. दारात सूनबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कप हळूच मेजावर ठेवला आणि त्यांची नजर वहीवर गेली. पहिल्या पानावर पहिलीच ओळ १९५४ची, मनिलाच्या आशियाई स्पर्धेची. ब्रह्मदेशाला कांस्यपदक. चौथ्या रकान्यात २७. पुढे १९६६, बँकॉक, अंतिम सामन्यात इराणवर १-० ने विजय, सुवर्णपदक, ३९. १९६८, तेहरान, आशियाई चषकात इराणपाठोपाठ दुसरा क्रमांक, ४१. १९७०, बँकॉक, उपान्त्य सामन्यात भारतावर २-० ने विजय, मग दक्षिण कोरियाशी ०-० होऊन सुवर्णपदक दोघांत वाटले, ४३. १९७२, म्युनिच ऑलिंपिक, रशियाकडून ०-१, मेक्सिकोकडून ०-१, सुदानवर २-०, ४५. सूनबाई घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. प्रत्येक ओळीत उत्तर एकच येत होते, १९२७.

अप्पांचा जन्म तर १९३४चा.

"अप्पा," त्यांनी विचारले, "१९२७ साली कोण जन्मलं होतं?"

चोवीस वर्षे या घरात वावरून त्यांनी हा पहिला नेमका प्रश्न विचारला होता. अप्पांनी चहा घेतला नाही. पण ते बोलले.

त्यांचे वडील रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. रत्नागिरीची माणसे तिथे थोडीच, पण अगदीच नव्हती असे नाही. वडील गमतीने म्हणत, "त्यांचा राजा आमच्या गावात, आम्ही त्यांच्या गावात." ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवले होते आणि १९१६ साली तिथेच त्याचा अंत झाला. आणि आपले लोकमान्य सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात. दोन प्रांतांनी जणू कैदी बदलून घेतले होते.

घरात दोन मुलगे, सात वर्षांच्या अंतराने. थोरल्याला धाकटा 'दादा' म्हणे. दादाचा सगळा जीव चेंडूत. ब्रह्मदेशात वेताचा विणलेला चेंडू पायांनी, गुडघ्यांनी, डोक्याने हवेत ठेवायचा चिन्लोन नावाचा खेळ आहे. सहाजण रिंगण करून खेळतात. त्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही एवढेच. दादा बर्मी पोरांच्या रिंगणात सहज मिसळे. फुटबॉलच्या मैदानावर तर त्याला हाका मारून बोलावत. तो म्हणे, "मोठा झालो की या देशाच्या संघातून खेळणार. तू बघायला ये."

२३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर जपानी बाँब पडले. फेब्रुवारीत शहर रिकामे करायचा हुकूम निघाला आणि ८ मार्चला रंगून पडले. काही लाख भारतीय मिळेल त्या वाटेने मायदेशी निघाले, त्यातले हजारो वाटेतच संपले. हे चौघे आगगाडीने मंडालेकडे गेले, तिथून मोनिवा, मग चिंदविन नदीतून होडीने कलेवा. पुढे जंगलातून पायी, तामूच्या दिशेने. आठ वर्षांच्या धाकट्याला दादा अर्धी वाट पाठीवर घेई. वेताचा चेंडू दोरीने कमरेला बांधलेला.

"त्या वर्षीचा पाडवा वाटेतच आला," अप्पा म्हणाले. "आईला तिथी बरोबर आठवायच्या. तिच्या पदराला गुळाचा एक खडा उरला होता. तिने दोन तुकडे केले, एक त्याला, एक मला. मी माझा खाल्ला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने त्याचाही मला दिला. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. पटकी. संध्याकाळी गेला. पंधरा वर्षांचा होता."

खोलीत कुणी हलले नाही.

"थांबता येत नव्हतं. मागून लोक येतच होते. वडलांनी एका झाडाखाली... चेंडू मी त्याच्याजवळ ठेवला. मग आम्ही चालत तामू, तिथून डोंगर चढून पालेल, इंफाळ. तिथून पुढे दिमापूर आणि आगगाडी. आई घरी पोचल्यावर त्याचं नाव कधी घेतलं नाही. आम्हीही घेतलं नाही. मग त्याचं वय कुठंतरी वाढायला नको का? चोपन्न साली वर्तमानपत्रात वाचलं, ब्रह्मदेशाला फुटबॉलचं कांस्य. म्हटलं, दादा आता सत्तावीसचा. संघात असता."

नातू वही मांडीवर घेऊन बसला होता. तो हळूच म्हणाला, "मी तुम्हाला तसं म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुला काय सांगणार? तुझ्या बापालाही मी कधी सांगितलं नाही." अप्पा थोडे थांबले. "आणि तू अगदी चुकलेला नव्हतास रे. भारत जिंकावा असं मला वाटतंच. एका संघाविरुद्ध तेवढं मनापासून वाटत नाही."

त्या दुपारी घरातल्या तिघांनी मिळून ती वही वाचली. संध्याकाळी चौथा, अप्पांचा मुलगा, कामाचा संगणक बंद करून त्यांच्यात येऊन बसला. एका देशाच्या खेळाचा चढ आणि उतार त्या निळ्या शाईत होता. १९५०च्या विश्वचषकाला भारत पात्र ठरला तो ब्रह्मदेश आणि फिलिपिन्सने माघार घेतल्यामुळे, आणि मग भारतही गेला नाही, हे अप्पांनी समासात नोंदवले होते. १९६५ ते १९७३ या काळात आग्नेय आशियाई देशांच्या द्वीपकल्पीय स्पर्धेत ब्रह्मदेशाने लागोपाठ पाच सुवर्णपदके घेतली. त्यातले पहिले थायलंडबरोबर वाटून. आशियाई युवक स्पर्धा १९६१ ते १९७० मध्ये सात वेळा जिंकली, काही वेळा संयुक्तपणे. मलेशियाची मर्डेका स्पर्धाही जिंकली. त्या काळी जपान आणि इराणसुद्धा या संघाला वचकून असत.

मग ओळी विरळ होत गेल्या. १९६२च्या लष्करी बंडानंतर त्या देशाने दारे लावून घेतली होती. संघ सरकारी खात्यांचे, बाहेरच्या जगाशी संबंध तुटत चाललेला. जुनी पिढी होती तोवर पुण्याई पुरली. १९८८ साली तर रस्त्यावर गोळ्या चालल्या. व्यावसायिक लीग सुरू व्हायला २००९ उजाडले. तोवर शेजारी कुठच्या कुठे निघून गेले होते. म्यानमार विश्वचषकाच्या पात्रता फेरीत प्रथम खेळला तोच २००७ साली, आणि चीनने त्याला ७-० व ४-० असे हरवले. त्या ओळींपुढे ८० हा आकडा होता. २०१५च्या ओळीला मात्र तांबड्या शाईने अधोरेखा होती. वीस वर्षांखालील मुलांचा संघ विश्वचषकाला न्यूझीलंडला गेला, त्या देशाचा पहिलाच. तिन्ही सामने हरला. तरी अधोरेखा. चौथ्या रकान्यात ८८.

"हरले तरी लिहायचात?" मुलाने विचारले.

"हरल्यावर वय वाढायचं थांबतं का?" अप्पा म्हणाले.

२८ मार्च २०१७ची ओळही होती. यांगून, भारत, ०-१, ९०. त्यापुढे एक शब्दही नाही. मुलाने ती ओळ दोनदा वाचली. मग तो वडिलांच्या खुर्चीशी खाली बसला आणि म्हणाला, "अप्पा, मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं." एवढे बोलायला त्याला चार वर्षे लागली होती.

जपानच्या त्या सामन्याची गोष्ट तिथे संपली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये पुन्हा लष्कराने सत्ता घेतली होती आणि कित्येक खेळाडूंनी संघातून खेळायला नकार दिला होता. चिबाच्या मैदानावर राष्ट्रगीत चालू असताना प्यी ल्यान आँग या राखीव गोलरक्षकाने लष्कराच्या निषेधाची खूण म्हणून तीन बोटे उंचावली. जूनमध्ये परतीच्या विमानात तो चढला नाही, आणि ऑगस्टमध्ये जपानने त्याला निर्वासित म्हणून आसरा दिला. नातवाने बातमी वाचून दाखवली तेव्हा अप्पा म्हणाले, "त्या ओळीच्या खाली लिही, एक मुलगा वाचला." नातवाने लिहिले.

सूनबाईंच्या मनात मात्र एक गोष्ट घर करून राहिली. श्रीखंडाची ती वाटी आपण वीस-बावीस वेळा पुढे केली असेल. प्रत्येक वेळी ती परत आली. 'का?' असा साधा शब्द आपल्याला सुचला नाही. माणूस विक्षिप्त आहे, असे ठरवून टाकले की विचारायचे राहूनच जाते. मुलाचा तो एक शब्द निदान सगळ्यांनी ऐकला तरी. आपले गप्प राहणे कुणाला ऐकूही गेले नाही.

आणि मग २०२३चा पाडवा आला. या वर्षी दोन्ही पंचांगे जुळली होती. २२ मार्चला बुधवारी साऱ्या गल्लीत आंब्याची तोरणे होती. सकाळी सोळा वर्षांच्या नातवाने गच्चीवर गुढी उभारली. आणि संध्याकाळी पुन्हा सामना होता. भारत विरुद्ध म्यानमार, योगायोगाने पुन्हा पाडव्यालाच. आणि गाव इंफाळ.

"इंफाळ?" एकोणनव्वद वर्षांच्या अप्पांनी दोनदा विचारले. "नक्की इंफाळच?"

"खुमान लंपाक स्टेडियम, आजोबा. तिथे पहिल्यांदाच आपला आंतरराष्ट्रीय सामना होतोय."

वेताची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ सरकवली. सहा वर्षांनंतर आजोबा आणि नातू शेजारी बसले होते. मागे मुलगा, सूनबाई. स्टेडियम तुडुंब भरलेले, दिव्यांचा लखलखाट. अप्पांना खेळाडू नीट दिसत नव्हते. ते दिव्यांच्या पलीकडच्या काळोखाकडे पाहत होते, जिथे डोंगर असणार.

"पालेल इथून किती?"

नातवाने फोनवर पाहिले. "पंचेचाळीस-शेहेचाळीस किलोमीटर."

"आणि तामू?"

"एकशेदहाच्या आसपास. आता पक्का रस्ता आहे. मोटारीने चारेक तास."

"एवढंच?" अप्पा म्हणाले. "आम्हाला तेव्हा ते संपतच नव्हतं."

मध्यंतराच्या तोंडावर म्यानमारच्या गोलापुढे गर्दी झाली, चेंडू सुटला आणि अनिरुद्ध थापाने तो जाळ्यात मारला. स्टेडियम उसळले. नातू खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच थांबला. त्याने आजोबांकडे पाहिले.

अप्पांनी त्याच्या पाठीवर कापरा हात ठेवला. "ओरड ना! गोल झालाय."

नातू ओरडला. पण बेताने.

सामना १-० असाच संपला. दोन्ही संघ एकमेकांशी हस्तांदोलन करताना दिसले. अप्पा ते बघत राहिले, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत. मग वही निघाली. २०२३, इंफाळ, भारत, ०-१. नातवाने न विचारता चौथ्या रकान्यात ९६ लिहिले.

जेवायला पाने मांडली. सूनबाईंनी या वेळी अप्पांच्या पानाशी श्रीखंडाची वाटी ठेवलीच नव्हती. जेवण होत आले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, थोडं श्रीखंड द्या."

त्यांनी वाटी आणून दिली. अप्पांनी अगदी सावकाश, अर्धी वाटी खाल्ली. उरलेली वाटी त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन आपल्या खोलीतल्या मेजावर, वहीशेजारी ठेवली आणि दिवा मालवला.

रात्री पाणी ठेवायला सूनबाई खोलीत गेल्या. वाटी तशीच होती. त्यांनी ती सकाळपर्यंत उचलली नाही.